चौथ्या चौकटीतली रोपं

शब्बीर,

तुझ्या मय्यतीला मी आलो होतो. हे तुला सांगायलाच हवं, कारण कुणाच्याही घरच्या दुःखातून मी परतलो की तुझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मास्तर, कोण कोण आलं होतं?" तर ऐक. कॉलेजातले जवळजवळ सगळे आले होते. आमच्या गावातली आठ-दहा माणसं टेम्पो करून आली. कुवेतच्या तुझ्या थोरल्या भावाला पोचता आलं नाही. तो फोनवर होता, आणि तो फोन हातात धरून तुझा पुतण्या कबरीच्या कडेला उभा होता. मी शेवटच्या रांगेत होतो. हात केव्हा उचलायचे, केव्हा बांधायचे, मला कळत नव्हतं. शेजारच्या माणसाकडे बघून करत गेलो.

मग माती द्यायची वेळ आली. तुमच्या कब्रस्तानातली माती लाल आणि रेताड आहे. मी तीन मुठी टाकल्या, बोटं झटकली, आणि हात लगेच स्वच्छ झाला. आपल्या खाडीकाठच्या खाजणातला चिखल असा सुटत नाही. एकोणीस वर्षं तुझ्याबरोबर काम करून घरी गेलो की तो नखांतून काढण्यात माझा अर्धा तास जायचा. त्या दिवशी मी स्वच्छ हातांनी एस.टी.त बसलो आणि काशीदच्या पुढे येईपर्यंत त्या हातांकडे बघत राहिलो.

तुझा चाळिसावा अजून व्हायचाय. त्याआधी हे लिहून टाकतो, कारण जे तुला सांगायचं होतं ते मी तुला सांगितलं नाही. वेळ नव्हता असं नाही. वेळ खूप होता.

तू आमच्या गावात आलास तेव्हा बांध फुटून वर्षही झालं नव्हतं. आमचं शेत खाडीच्या काठचं, खाऱ्या पाण्याला बांधाने बाहेर ठेवून पिकवलेलं. माझ्या आजोबांनी दुसऱ्याच्या त्या जमिनीत चिखल उपसला आणि माझ्या वडिलांच्या, आबांच्या काळात कुळकायद्याने ती आमच्या नावावर झाली. आमच्या वस्तीत जमीन नावावर असलेली तीनच घरं. दरवर्षी उन्हाळ्यात सगळा गाव मिळून बांधाची डागडुजी करायचा. पुढे माणसं थळच्या कारखान्यात लागली, मांडव्याहून बोट पकडून मुंबईला कामाला जायला लागली, आणि बांधावर चिखल टाकायला येणारे हात कमी होत गेले. मग एका उधाणात बांधाला खांड पडली, आणि पोटऱ्यात आलेल्या भातात खाडी शिरली.

त्या हिवाळ्यात तू, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा, स्कूटरवरून आलास. मागे प्लास्टिकचे चार पाइप बांधलेले. ते जोडून तू एक चौकट केलीस, मीटरभर लांब, मीटरभर रुंद, आणि आमच्या मेलेल्या भाताच्या धसकटांवर ठेवलीस. आबा फुटक्या बांधावर बसून बघत होते.

"काय शोधतोस?" त्यांनी विचारलं.

"काही उगवतंय का ते बघतोय, चाचा."

"मीठ उगवलंय," आबा म्हणाले. "लिव."

तू खरोखर लिहिलंस. "पृष्ठभागावर मिठाचा थर, पांढरा." मग वही आबांना दाखवलीस. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन बांधावर गेले.

मी तुझ्याबरोबर आलो तो अक्षरामुळे. तुझे हात चिखलात, आणि कोरड्या हातांनी लिहिलंस तरी तुझं अक्षर तुला लागायचं नाही. "मास्तर, तू शाळेत फळ्यावर लिहितोस तसं लिही, मी सांगतो," म्हणालास. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी यायला लागलो. आपण सात चौकटी आखल्या, कोपऱ्यांना बांबू ठोकले, आकडे रंगवले. चौथी चौकट आमच्या शेतात होती. आबा जिथे राब भाजून रोपं करायचे, नेमकी त्या जागेवर.

मला वनस्पतीतलं काही कळत नव्हतं. मोरसेची भाजी मी फक्त ताटात पाहिली होती, दोन पाण्यांत उकळून खारटपणा काढलेली. तू मला शिकवलंस की उघड्या खारट जमिनीवर पहिली तीच येते. तिच्या बुडाशी गाळ अडतो, त्यात खारं गवत धरतं. गवतात तिवराचं, खाडीतल्या त्या झाडाचं, बी अडकतं. तिवर वाढला की सावली पडते, आणि मग मोरस जाते. "जी आधी येते तीच पुढच्याची सोय करते," तू आबांना सांगत होतास.

"आनि तिची सोय?" आबांनी विचारलं.

तू पेन्सिल कानामागे खोचलीस. हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही, असं नंतर मला म्हणालास.

तुझ्याशी माझा पहिला वाद आकड्यांवरून झाला. एका शनिवारी सातही चौकटी मिळून तुला चौदा जाती सापडल्या आणि तू चिखलात उभ्याउभ्या आनंदाने ओरडलास. मला राग आला. मी म्हणालो, "इथे एकच जात होती, भाताची, आणि ती पाच घरांना पुरत होती. तुझ्या चौदा जाती कुणाच्या पोटात जातात?" दुसरा कुणी असता तर निसर्गाचं महत्त्व सांगत बसला असता. तू मला घेऊन आबांकडे गेलास. ओट्यावर मांडी घालून बसलास आणि म्हणालास, "चाचा, शेत होतं तेव्हा बांधावर, पाणी सोडायच्या उघाडीपाशी, पाण्यात काय काय उगवायचं ते सांगा. नुसती नावं सांगा." आबा सांगत गेले. कुठलं गवत गुरांना चालायचं, कुठलं नाही. ताप आला की कशाचा पाला ठेचायचा. भातातली तणं, बांधावरच्या वेली, डबक्यातल्या जिताडा माशाच्या आसऱ्याला वाढणारं शेवाळ. मी लिहीत होतो. यादी दोन पानं झाली.

तू मोजलंस. परत मोजलंस. "शेत जास्त श्रीमंत होतं, मास्तर," म्हणालास, आणि वहीत तसंच लिहायला लावलंस. तुझ्या बाजूने नसलेली गोष्टही तू त्याच शाईने लिहून घ्यायचास. मला तू त्या दिवशी आवडलास. तोवर मी फक्त बरोबर येत होतो.

आणि त्याच स्वभावाने पुढे आमचं शेत घेतलं.

बांध परत घालावा म्हणून गावाने अर्ज केला होता. बरीच वर्षं कागद फिरत राहिला आणि एक दिवस साहेब पाहणीला येणार असं कळलं. तोवर तिवराची रोपं गुडघ्याएवढी झाली होती, आणि तिवर आहे म्हटलं की कायद्याने तिथे बांध घालता येत नाही. आदल्या दिवशी मी तुझ्या घरी आलो. नसीमभाभींनी घावन केले होते, ते तसेच समोर ठेवून मी तुला म्हणालो, "उद्या तुला विचारतील. इतकंच सांग की अजून धड काही नाही, गवत आहे. खोटं बोल असं म्हणत नाही. थोडं कमी सांग."

तू घावनाची ताटली माझ्याकडे सरकवलीस. मग म्हणालास, "मास्तर, रोप आहे तर आहे."

"माझा बाप सत्तरीला आला, शब्बीर."

"मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी बांधावर साहेबांनी विचारलं, आणि तू सांगितलंस. कुठल्या वर्षी कुठल्या चौकटीत तिवर आला, किती रोपं, केवढी उंची. वहीतून, माझ्या अक्षरातून. आबा शेजारी उभे होते. पुढे नकाशावर त्या सगळ्या पट्ट्याला कांदळवन म्हणून रंग लागला आणि बांधाचा अर्ज कायमचा थांबला. तू खरं सांगितलंस. तू कमी सांगितलं असतंस तरी कदाचित तेच झालं असतं. हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

आता ते सांगतो.

पुढच्या रविवारी सकाळी मी एकटा खाजणात गेलो. ओहोटी होती. चौथ्या चौकटीत तिवराची अकरा रोपं होती, प्रत्येकाला तू लाल दोरा बांधलेला. मी खाली बसलो आणि एकेक उपटलं, मुळासकट. दोरे सोडून खिशात घातले. रोपं खाडीत फेकली. पाणी ती घेऊन गेलं तोवर उभा राहिलो. राग उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही.

शनिवारी आपण मोजायला गेलो. तू चौथ्या चौकटीपाशी आलास आणि थांबलास. गुडघ्यांवर बसलास. बोटाने चिखल चाचपलास. मी वही उघडून उभा होतो. तू म्हणालास, "खेकडे." मग स्वतःशीच, "पण खेकडा रोप कापतो, असं मुळासकट नेत नाही." पुन्हा बिळं बघितलीस. "तरी दुसरं काय असणार? लिही मास्तर. रोपे नाहीशी. खेकड्यांमुळे असावे."

मी लिहिलं. फळ्यावर लिहितो तसं, स्वच्छ.

तिथेच बोललो असतो तर काय झालं असतं? तू चिडला असतास. कदाचित आठवडाभर आला नसतास. मी जे बघितलं ते त्याहून वाईट होतं. तू खेकड्यांच्या मागे लागलास. उंचवट्याच्या जागी खेकडे तिवराला वाढू देत नाहीत का, हा प्रश्न तुझ्या डोक्यात बसला. तू जाळ्या आणल्यास, दोन चौकटींना कुंपण केलंस, दोन वर्षं भर उन्हात वाकून बिळं मोजलीस. मी जाळीची दुसरी बाजू धरून उभा राहायचो. जाळीच्या आतली रोपं जगली, बाहेरचीही जगली. काहीच जुळेना. तू जो लेख लिहिलास त्यात खेकड्यांविषयी एक वाक्य आहे. तू ते मला मराठीत करून वाचून दाखवलंस. ऐकताना मी चहा पीत होतो. मी कप खाली ठेवला नाही, इतकंच मला आठवतं.

त्यानंतर तू दर दोन-चार महिन्यांनी विचारायचास, "मास्तर, ती चौथी अशी का वागली असेल?" मी म्हणायचो, "कोण जाणे."

याच वर्षांत तू आबांसाठी जे केलंस ते मी कुणाला फारसं सांगितलं नाही. बांध फुटला तेव्हा आमच्या घरात शेतातल्या लाल भाताचं थोडं बियाणं उरलं होतं. ते भात खारट मातीतच येणारं, गोड्या जमिनीत कुणी लावायचं नाही. तू आबांकडे मूठभर मागितलंस. दरवर्षी पावसाळ्यात तुझ्या गच्चीवर दोन फुटक्या पिंपांत खाजणातला चिखल भरून तू ते लावायचास आणि बी जिवंत ठेवायचास. आबा अंथरुणाला खिळले त्या वर्षी तू डब्यातून त्याचाच शिजवलेला भात आणलास. ओंजळभर असेल. आबांनी एक घास घेतला, चावला, डोळे मिटले.

"माजाच हाय," म्हणाले.

मग तुझ्या मनगटाला धरून म्हणाले, "तू खरं बोल्लास त्याचा मना राग व्हता. आता न्हाय." माझ्याकडे बघून म्हणाले, "यालापन न्हाय. व्हय ना रं?"

मी मान हलवली. आबा गेले तेव्हा तू आलास, बुद्धवंदना चालू असताना चपला बाहेर काढून मागे भिंतीला टेकून उभा राहिलास. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवलास. त्या हाताखाली मी बोलायला हवं होतं. आबांनी तुला माफ केलं होतं, आणि ज्याला माफी मागायची होती तो मी, तुझा हात खांद्यावर घेऊन उभा होतो. पण तोवर आमच्या घरात मी आणि समोरची भिंत, एवढंच उरलं होतं. माझी बायको सुमन तर आबांच्या आधीच गेली होती, आणि मुलगी लग्न होऊन पनवेलला. मला शनिवार गमवायचा नव्हता. खरं कारण हेच आहे, शब्बीर. आधी राग होता म्हणून बोललो नाही, मग लाज होती म्हणून, आणि शेवटी तू येणं बंद करशील या भीतीने.

तू तर कुठेच जाणाऱ्यातला नव्हतास. तुझा थोरला भाऊ दरवर्षी तुला कुवेतला ये म्हणायचा. एकदा त्याला मांडव्याला सोडायला आपण दोघं गेलो होतो. बोट सुटायची वेळ झाली तरी तो धक्क्यावरून तुला समजावत होता, आणि तू म्हणालास, "भाई, तिकडे चिखल नाही." तो तुझ्यावर चिडून बोटीत बसला. आपण परत येताना खूप हसलो. मी त्या हसण्यात होतो आणि नव्हतो.

पंधरा दिवसांपूर्वी मी भाभींकडे गेलो. त्यांनी तुझ्या वह्या खोलीतल्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या. कॉलेजातल्या त्या तरुण मॅडम त्या न्यायला येणार होत्या, पुढचं काम त्या करणार आहेत. भाभी म्हणाल्या, "मास्तर, तुमचंच अक्षर आहे सगळं. तुम्ही एकदा बघून द्या."

मी ती वही शोधली, ते पान काढलं, आणि त्यांना सांगितलं. अकरा रोपं. लाल दोरे. खेकडे नव्हेत. जाळ्यांची दोन वर्षं.

त्या ऐकत होत्या. डोक्यावरची ओढणी एकदा सारखी केली. मग म्हणाल्या, "जाळ्या इथे अंगणात शिवल्या होत्या. मी शिवल्या. त्यांच्या बोटाला सुई लागायची म्हणून."

मला ते माहीत नव्हतं.

"त्यांना शेवटच्या महिन्यात झोप यायची नाही तेव्हाही चौथी चौथी करायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तापात बोलतात."

"भाभी, मला माफ करा."

"मला कशाला सांगता, मास्तर? ज्याला सांगायचं तो होता की इतकी वर्षं. अल्लाने तुम्हाला कमी दिवस दिले होते का?" त्यांचा आवाज चढला नाही. त्या मला माफ करतील असं मी घरून निघताना धरून चाललो होतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी टेबलावरचं पेन माझ्याकडे सरकवलं. "ज्या वहीत खोटं लिहिलंत त्याच वहीत खरं लिहा. खाली नाव लिहा. मॅडमला मी ते पान दाखवीन."

मी लिहिलं. "ही रोपे खेकड्यांनी नेली नाहीत. मी उपटली." माझं पूर्ण नाव लिहिलं, आबांच्या नावासकट. अक्षर तुझ्यासारखं आलं, माझं मलाच लागेना. भाभींनी वही घेतली, वाचली, बंद केली. चहा विचारला नाही. दारापर्यंतही आल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

त्या मॅडमचा परवा फोन आला. ते वाक्य दुरुस्त करायची चिठ्ठी त्या मासिकाला पाठवणार आहेत. त्या मला काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं की तारीख आठवते का. म्हणाल्या, "चौथ्या चौकटीचे आकडे आता नीट बसतात, सर." ते वाक्य ऐकायचा हक्क तुझा होता. ते मी ऐकलं. तू असतास तर ऐकून पेन्सिल कानामागे खोचली असतीस, आणि मग माझ्याकडे बघितलं असतंस. ते बघणं कसं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही. ते कितीही कठोर असतं तरी मला हवं होतं.

काल शनिवार होता. पावसाळ्यानंतरची मोजणी करायची होती. मॅडमना सवड पुढच्या महिन्यात, पण तू मोजणी कधी चुकवली नाहीस, म्हणून मी एकटा गेलो. चौकट खांद्यावर, नवी वही पिशवीत. तिवर आता डोक्यावर गेलाय. आत शिरलं की बांध दिसत नाही, थळची चिमणी दिसत नाही, आपलाच पाय चिखलातून निघतो तो आवाज तेवढा येतो. मी सहा चौकटी केल्या. हात धुवायचा, लिहायचं, परत हात घालायचा. दुपार गेली. भरती यायच्या आत सातवी उरली होती.

सातव्या चौकटीत, मारांडीच्या काट्यांपलीकडे, एक रोप आहे. वीतभर उंच. पानं समोरासमोर, जाड, कडा गुळगुळीत, देठ तांबूस. पान जरा फाडून पाहिलं, चीक नाही. मागचा भाग पांढुरका नाही, म्हणजे तिवर नव्हे. कांदळ नव्हे, चिपी नव्हे. सगळ्या वह्यांतलं काहीच नव्हे, मी आठवून आठवून बघितलं. हे आपल्याकडे आजवर आलेलं नाही. एकच आहे. पाणी माझ्या घोट्याला लागलं तरी मी तिथून उठलो नाही.

शब्बीर, याचं नाव काय?